रीत दाखव

टू थर्टी, टू फिफ्टीन, टू हंड्रेड, वन एटी फाइव्ह, वन सेव्हंटी सेव्हन.

माझी आई आयुष्यभर डोंबिवलीत मराठी शाळेत गणित शिकवत होती, विमानात ती एकूण पाच-सहा वेळा बसली असेल, पण हे पाच आकडे तिला मध्यरात्री उठवून विचारले तरी ती घडाघडा म्हणून दाखवेल. एअरबस ए-३२० चे फ्लॅप्स, म्हणजे हळू उडताना पंखांतून बाहेर काढायचे पत्रे, कुठल्या टप्प्यावर असताना जास्तीत जास्त किती नॉट (ताशी सागरी मैल) वेगाने उडायचं, त्याचा हा पाढा. माझं टाइप रेटिंग, म्हणजे ठरावीक जातीचं विमान उडवण्यासाठीचं पायलटचं ट्रेनिंग, चालू होतं तेव्हा रोज रात्री जेवणं झाली की ओटा पुसून ती तिथेच माझी वही घेऊन उभी राहायची आणि विचारायची, आणि मी म्हणायचे. लँडिंग गिअर बाहेर असताना २८०. बाहेर काढताना २५०. आत घेताना २२०. टायर १९५ नॉट. फ्लॅप्स काढून जास्तीत जास्त उंची २०,००० फूट. टेकऑफच्या वेळी ब्रेक ३०० डिग्रीच्या खाली. एक चुकलं की ती पेन खाली ठेवायची आणि म्हणायची, पहिल्यापासून.

आमच्या घरात पाठांतर नवीन नाही. आजोबांना पावकी, निमकी, सवायकी, दीडकी, अडीचकी सगळं तोंडपाठ होतं, ते भाजीवाल्याशी हिशोब करताना बोटंसुद्धा हलवायचे नाहीत. त्यामुळे मला वाटायचं की लिमिटेशन्स, विमानाच्या या मर्यादा, म्हणजे तसंच काहीतरी, पुस्तकाचा एक चॅप्टर आहे, आकडे आहेत, पाठ करायचे, विचारले की सांगायचे, झालं. आणि खरं सांगायचं तर ट्रेनिंगमध्ये बरेच जण तसंच करतात, त्यांना दोष देण्यात अर्थ नाही, कारण एकावेळी इतकं काही डोक्यात कोंबायचं असतं की जे पाठ होतं ते पाठ करून टाकावं आणि पुढे सरकावं असंच वाटतं.

सिमच्या, म्हणजे नकली कॉकपिटमधल्या परीक्षेच्या, आधी ओरल म्हणजे तोंडी परीक्षा असते. समोर जे कॅप्टन बसले होते ते साठीकडे झुकलेले, आवाज एकदम मऊ, कधी कोणावर चढलेले मी ऐकले नाहीत. त्यांनी दहा-बारा आकडे विचारले, मी सगळे बरोबर सांगितले. मग ते म्हणाले, ब्रेकचे ३०० डिग्री. का? मी म्हटलं, सर, ब्रेक गरम असतील तर टेकऑफ रद्द करायची वेळ आली तर ते नीट लागणार नाहीत. ते म्हणाले, ते आहेच, पण ३०० चं कारण ते नाही. अजून विचार कर. मी विचार केला, माझ्याकडे काहीच नव्हतं. त्यांनी मला पास केलं, आकडे बरोबर होते ना, पण जाताना दारात थांबून म्हणाले की उद्या सांग मला.

घरी येऊन आईला सांगितलं. तिने सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाली, उत्तर बरोबर पण रीत नाही, मग मी पोरांना अर्धे मार्क कापायचे की नाही? आणि उठून वहीत पट्टी ठेवून तिसरा रकाना आखला. पहिल्यात काय, दुसऱ्यात किती, तिसऱ्यात वर लिहिलं, रीत. त्या रात्री मी पुस्तकं काढून बसले आणि ३०० च्या समोरचा चौकोन भरला. टेकऑफनंतर चाकं पोटात जातात, दारं बंद होतात, आणि तिथेच हायड्रॉलिकच्या तेलाच्या नळ्या आहेत. त्यातली एखादी गळत असेल आणि ते तेल तापलेल्या ब्रेकवर पडलं तर ते पेट घेऊ शकतं, आणि तेव्हा तुम्ही हवेत असता. म्हणजे ३०० हा ब्रेकचा आकडा नाहीच, तो तेलाचा आकडा आहे. हे कळल्यावर मला जे वाटलं ते नीट सांगता येणार नाही, पण इतके दिवस एखाद्या माणसाला फक्त आडनावाने ओळखत होते आणि आज त्याच्या घरी जाऊन आले असं काहीसं.

दोन वर्षांनी तो चौकोन कामाला आला. मे महिना, दुपारचे दोन, रनवे आखूड, मागे अजून एक विमान उतरायला येत होतं म्हणून आम्ही जरा जोरात ब्रेक मारून पहिल्याच टॅक्सीवेने बाहेर पडलो. टर्नअराउंड, म्हणजे उतरून परत निघणं, पस्तीस मिनिटांचं. ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी सांगते, ब्रेक उतरल्या उतरल्या सगळ्यात गरम नसतात, आतल्या डिस्कची उष्णता बाहेर यायला वेळ लागतो, त्यामुळे गेटवर उभं राहिल्यावर आकडा खाली यायच्या ऐवजी वर चढत जातो आणि तुम्ही स्क्रीनकडे बघत बसता. ३१०, ३४०, ३७०. त्या विमानाला ब्रेकचे पंखे नव्हते, सगळ्या विमानांना नसतात, ते ऑप्शन म्हणून घ्यावे लागतात. बाहेर ४३ डिग्री, वारा नाही, थंड होणार कसं. पॅसेंजर बसले, दार बंद व्हायची वेळ आली, खालून ग्राउंडचा मुलगा दोनदा विचारून गेला की सर किती वेळ, ऑपरेशन्सचा फोन आला. कॅप्टन शांतपणे म्हणाले, ३०० च्या खाली आले की जाऊ. आम्ही एकूण बावन्न मिनिटं लेट निघालो. शेवटची पंधरा मिनिटं आकडा ३२० वरून ३०५ वर येत होता आणि मला कळत होतं की ३०५ ला काही आभाळ कोसळणार नाही, कदाचित ३५० लाही कोसळलं नसतं, नळी गळत असेल तरच ना. पण गळतेय की नाही हे तिथे बसून कोणालाच सांगता येत नाही. मला रीत माहीत नसती तर मी ३०५ ला कॅप्टनकडे नक्की बघितलं असतं, सर, पाचच डिग्री आहेत, असं. नाही बघितलं.

त्या दिवशी एक आजोबा उतरताना मला म्हणाले की आमची पुढची गाडी चुकली तुमच्यामुळे. खरंच चुकली असणार. मी सॉरी म्हटलं आणि ते मनापासून होतं.

आकड्याच्या एक पाऊल पुढे गेलं की काय होतं याचंही लोकांना कुतूहल असतं, माझे चुलत भाऊ दर दिवाळीत विचारतात. १७७ च्या जागी १७८ झाले तर फ्लॅप तुटतो का? नाही तुटत. चार नॉट जास्त झाले की विमान कॉकपिटमध्ये घंटा वाजवायला लागतं, आणि तेव्हाही काही तुटलेलं नसतं. पण त्यानंतर काय करायचं हे महत्त्वाचं. एकदा पावसाळ्याच्या तोंडावर अप्रोचला, म्हणजे उतरायला येत असताना, फुल फ्लॅप्सवर एक जोरदार झोत आला आणि दोनेक सेकंद ती घंटा वाजली. लँडिंग छान झालं, पॅसेंजरना काही कळलंही नाही. कॅप्टननी गेटवर पार्किंग ब्रेक लावल्या लावल्या टेक लॉग, म्हणजे विमानाच्या बिघाडांची नोंदवही, ओढला आणि लिहिलं, वेग किती, किती सेकंद, कुठला फ्लॅप. त्या एका ओळीने पुढची फ्लाइट दोन तास अडली कारण इंजिनिअर शिडी लावून फ्लॅपचे सांधे, रूळ, सगळं बघत बसले. काही सापडलं नाही. मला त्या माणसाचा आजही आदर वाटतो, कारण ती ओळ न लिहिणं फार सोपं होतं. पंखाला किंवा फ्लॅपला बोलता येत नाही, त्याच्यावर काय गुदरलं ते आपणच लिहून ठेवलं तर पुढच्याला कळणार, आणि पुढचा म्हणजे रात्री अडीचला तेच विमान घेऊन निघालेले दुसरे कोणीतरी दोघं.

वही भरत गेले तसं लक्षात आलं की सगळे आकडे एका जातीचे नाहीत. काही आकड्यांच्या पलीकडे खरंच काहीतरी तुटतं, जळतं, वितळतं. आणि काही आकडे फक्त एवढंच सांगतात की इथपर्यंत आम्ही जाऊन बघितलंय, पुढे कोणी गेलेलं नाही. फ्लॅप्सचे २०,००० फूट हे त्यातलं. त्या उंचीला असं काही होत नाही की फ्लॅप काढला की गळून पडेल, पण त्याच्या वर फ्लॅप्स काढायची कोणाला गरजच नसते, म्हणून बनवणाऱ्यांनी त्याच्या वरचं सिद्धच करून दाखवलेलं नाही. २०१७ च्या जूनमध्ये अमेरिकेत फिनिक्सला पारा ४९ च्या आसपास जाणार होता तेव्हा चाळीसेक फ्लाइट्स रद्द झाल्या, आणि त्या कुठल्या, तर छोट्या बॉम्बार्डिए जेटच्या, कारण त्यांची मर्यादा ११८ फॅरनहाइट म्हणजे ४७.८ सेल्सिअस होती. बोइंग आणि एअरबसची मोठी विमानं त्याच दुपारी त्याच रनवेवरून जात होती, त्यांचे आकडे १२६-१२७ फॅरनहाइटपर्यंत होते. तेव्हा बातम्या अशा आल्या की गरमीमुळे विमानं उडू शकत नाहीत. तसं नाहीये. गरम हवा पातळ असते, पंखाला कमी उचल, इंजिनाला कमी जोर, हे खरंच, पण ४७.८ ला तो तक्ता संपतो. पुढची ओळ छापलेलीच नाही. आणि छापलेली नाही म्हणजे रनवे किती लागेल, एक इंजिन गेलं तर कितपत चढेल, हे तुम्ही अंदाजाने ठरवायचं, आणि मागे साठ-सत्तर माणसं बसवून कोणी अंदाज करत नाही.

नागपूरची माझी मावशी हे ऐकून म्हणाली की मग आमच्याकडे मे मध्ये विमानं कशी जातात? ४६-४७ तर आमच्याकडेही होतं. जातात, कारण आमच्या विमानांचा तक्ता तिथे संपत नाही, पण तक्त्यात वजन कमी होत जातं. दुपारची फ्लाइट असेल तर कधी कधी सामान मागे राहतं, लोकांना वाटतं कंपनीचा आळस. लेहला तर हे आणखी, ती धावपट्टीच १०,६८२ फुटांवर आहे, ए-३२० च्या नेहमीच्या पुस्तकात टेकऑफ-लँडिंगची मर्यादा ९,२०० फूट असते, म्हणजे तिथे जायचं तर विमानाला ती मर्यादा वाढवून घ्यावी लागते, आणि बहुतेक फ्लाइट्स सकाळी सकाळी, कारण ऊन चढलं की हवा पातळ आणि दुपारचे वारे.

हे सगळं झालं, पण ज्या चौकोनाने मला सगळ्यात जास्त विचार करायला लावला तो अडीचचा.

जी-लोड. मोठ्या जेटसाठी फ्लॅप्स आत असताना २.५. म्हणजे वळणात किंवा खड्ड्यात विमानाचं वजन अडीचपट झाल्यासारखा ताण आला तरी काही वाकायचं-बिघडायचं नाही. आणि त्याच्या दीडपट ताण आला तरी किमान तीन सेकंद तरी ते मोडता कामा नये. अडीच दीडे पावणेचार. आजोबांची अडीचकी मला इथे भेटेल असं कधी वाटलं नव्हतं. हे खरं करून बघतात. १९९५ च्या जानेवारीत बोइंगने ट्रिपल सेव्हनचा, म्हणजे ७७७ विमानाचा, एक अख्खा सांगाडा अमेरिकेतल्या एव्हरेटच्या कारखान्यात बांधून त्याचे पंख वर वर वाकवत नेले, टोकं २४ फूट वर गेली, आणि १०० टक्के, १२०, १५० असं करत १५४ टक्क्यांना दोन्ही पंख मोडले. १५० हवं होतं. १५४ ला मोडले. मला त्या चार टक्क्यांचं अजून कौतुक वाटतं. हजारो लोकांनी वर्षानुवर्षं गणित केलं आणि उत्तर चार टक्क्यांत बरोबर आलं, आणि कमी नाही आलं.

मग आता प्रश्न असा की एवढी दीडपट ठेवलेली असताना अमेरिकन एअरलाइन्सच्या फ्लाइट ५८७ ची शेपटी कशी तुटली?

१२ नोव्हेंबर २००१. न्यूयॉर्कहून सांतो डोमिंगोला निघालेलं एअरबस ए-३००. पुढे एक ७४७ गेलं होतं, त्याच्या मागच्या भोवऱ्यात सापडलं, फार काही भयंकर नव्हतं ते, पण फर्स्ट ऑफिसरने, म्हणजे सहवैमानिकाने, रडरचे (शेपटीवरच्या सुकाणूचे) पेडल उजवीकडे पूर्ण, मग डावीकडे पूर्ण, मग परत उजवीकडे असे काही सेकंदांत मारले आणि शेपटीचा उभा भाग मुळापासून उखडला. विमानातले २६० आणि खाली क्वीन्समध्ये असलेले ५ जण गेले. आता यातली गोष्ट अशी की विमान तेव्हा मॅन्युव्हरिंग स्पीडच्या आत होतं. आणि जगभरातल्या कितीतरी पायलटांना, अनुभवी लोकांना, असंच वाटत होतं की त्या वेगाच्या आत तुम्ही कंट्रोल्स कसेही, कितीही हलवा, विमान मोडत नाही. तपासात निघालं की तसं कधी कोणी सिद्धच केलं नव्हतं. सिद्ध केलं होतं ते एवढंच की एकदा एका बाजूला पूर्ण मारलं तर चालेल. एका बाजूला, मग लगेच उलट बाजूला, मग परत, हे त्या गणितात कधी नव्हतंच. आकडा सगळ्यांना पाठ होता. आकड्याचं वाक्य कोणीतरी कधीतरी अर्धंच सांगितलं होतं आणि ते तसंच एका पिढीकडून दुसऱ्या पिढीकडे आलं. त्या फर्स्ट ऑफिसरबद्दल लिहिताना माझा हात जड होतो, त्याला ट्रेनिंगमध्ये जे मिळालं त्यावर त्याने भरवसा ठेवला. नंतर नियम बदलले, आता विमानाच्या पुस्तकात स्पष्ट लिहायला लागतं की असं उलटसुलट झटके देऊ नका, त्या वेगाच्या आतही. मी ते वाक्य वहीत लाल पेनाने लिहिलंय.

ए-३२० वर काही वर्षं काढून मी ट्रिपल सेव्हनवर आले. नवीन वही. आईचे गुडघे तोवर दुखायला लागले होते, ती आता ओट्यापाशी उभी न राहता खुर्चीत बसून विचारायची. त्यातल्या ३०० ईआर या मॉडेलचे आकडे अंगावर येतात, टेकऑफला जास्तीत जास्त ३,५१,५३४ किलो, लँडिंगला २,५१,२९०. आई लगेच म्हणाली, शंभर टन फरक? मग वर गेल्यावर लगेच परत यायचं झालं तर? तिने हा प्रश्न पहिल्या मिनिटात विचारला, मला त्याचं फार वाटलं.

आणि इंधन सोडून उरलेलं वजन, झीरो फ्युएल वेट, २,३७,६८२. हे तिला कळेना. इंधनासकट ३५१ टन चालतं तर विमान, माणसं, सामान मिळून २३८ च्या वर का नको, वजन ते वजन. मी तिला गच्चीवर नेलं आणि वाळवणाची चादर घेतली. मी म्हटलं आपण दोघी दोन टोकं धरतो, मधोमध गहू ओतले तर चादर मध्ये झोळीसारखी ताणते, हो ना? आता तेच गहू आपल्या हातांजवळ ओतले तर मध्ये ताण येतो का? पंख म्हणजे ते हात. बरंचसं इंधन पंखात असतं, ते हाताजवळचे गहू. माणसं आणि सामान मध्ये. म्हणून मधल्या वजनाला वेगळी मर्यादा, नाहीतर पंख जिथे अंगाला जोडलेत तिथे ताण येतो. तिने चादरीकडे बघितलं, गव्हाकडे बघितलं आणि म्हणाली, हे वहीत लिही असंच. लिहिलंय.

शंभर टनांच्या फरकाचा प्रसंग एकदाच आला. मुंबईहून अमेरिकेला निघालो, ३४० टनांच्या जवळपास, अरबी समुद्रावर असताना एका सिस्टीमचा इशारा आला. आग नाही, धूर नाही, पण पंधरा-सोळा तास त्याच्यासकट उडणं शक्य नव्हतं. परत फिरायचं ठरलं. मग समुद्रावर ठरवून दिलेल्या जागी घिरट्या आणि पंखातून इंधन सोडणं. कॉकपिटमधून ते दिसत नाही, फक्त आकडा कमी होताना दिसतो. मागून क्रूचा फोन आला की खिडकीतून पांढरा पट्टा दिसतोय, लोक घाबरलेत. कॅप्टननी हिंदीत आणि इंग्रजीत सांगितलं, मग मला म्हणाले मराठी पॅसेंजर बरेच दिसतायत, तू बोल. मी माइक घेतला आणि म्हटलं, तुम्हाला जे दिसतंय ते आम्हीच सोडतोय, विमान हलकं करतोय, म्हणजे उतरताना पायांवर भार कमी. नंतर कोणीतरी सांगितलं की एका आजींनी ते ऐकून जपमाळ पिशवीत ठेवली. ऐंशी टनांच्या आसपास सोडलं. एक लाख लिटर. खालपर्यंत येईतो त्यातलं बहुतेक हवेत उडून जातं, पण तरी ते मनाला लागतंच, आपल्याकडे लोक लिटर लिटर मोजून भरतात.

आणि आग लागली असती तर? तर ३४० टनांनीच उतरलो असतो. हा त्या आकड्याचा मला आवडणारा भाग. लँडिंगच्या मर्यादेएवढं वजन असताना विमान मिनिटाला ६०० फूट वेगाने जमिनीवर आदळलं तरी पाय मोडणार नाहीत असं ते बनवलेलं असतं, आणि टेकऑफच्या पूर्ण वजनाला मिनिटाला ३६० फूट. आणि आपलं रोजचं लँडिंग साधारण शे-दीडशेचं. म्हणजे जड विमान हळुवार ठेवलं तर ते पेलतं, नंतर तपासणी करावी लागते एवढंच. आग, धूर, असं काही असेल तर मर्यादा मोडायचा अधिकार पुस्तकच कॅप्टनला देतं. २०१० मध्ये सिंगापूरहून निघालेल्या क्वांटासच्या ए-३८० चं इंजिन फुटलं, पंखात भोकं पडली, इंधन सोडायची यंत्रणा चालेना, तर ते कितीतरी टन जास्त वजनाने उतरवलं त्यांनी, आणि सगळे उतरले. पण कुठली रेघ कधी ओलांडायची हे त्यालाच कळतं ज्याला ती रेघ कशासाठी मारली ते माहीत आहे. नुसता आकडा पाठ असलेला माणूस एक तर धुरात इंधन सोडत बसेल, नाहीतर काहीच नसताना ओलांडेल.

शेपटीकडून येणाऱ्या वाऱ्याचंही तसंच. बहुतेक जेटना १० नॉट, काहींना १५. ऐकायला काहीच नाही, स्कूटरचा वेग. आईने गणित मांडलं: विमान हवेत १४० ने येतंय, समोरून १० चा वारा तर जमिनीवर १३०, मागून १० चा तर १५०. ऊर्जा वेगाच्या वर्गाने वाढते, म्हणून दोन्हींचा वर्ग कर. २२,५०० आणि १६,९००. एक तृतीयांश जास्त, आणि ती सगळी ब्रेकनी खायची. ७ ऑगस्ट २०२० ला कोझिकोडला पावसात जे ७३७ उतरलं त्याच्या मागे १४ नॉटचा वारा होता, ते ८,८५८ फुटांच्या रनवेवर ४,४३८ फूट आत टेकलं, कॅप्टनच्या बाजूचा वायपर नीट चालत नव्हता, आणि रनवेच्या पुढे दरी होती. दोन्ही पायलट धरून २१ जण गेले. मी त्या रात्री घरीच होते. फोन वाजत होते, लोक विचारत होते तू कुठेयस. त्या चौकोनात मी फक्त तारीख लिहिली आहे.

शेवटचा चौकोन इंधनाच्या तापमानाचा. जेट ए-वन असेल तर उणे ४४ च्या खाली जाऊ द्यायचं नाही. रीत साधी वाटते, ते उणे ४७ ला गोठू लागतं आणि तीन डिग्री मोकळी ठेवायची. मी तेवढंच लिहिलं होतं आणि समाधानी होते. मग १७ जानेवारी २००८ च्या ब्रिटिश एअरवेज फ्लाइट ३८ बद्दल वाचलं. बीजिंगहून हीथ्रोला आलेलं ट्रिपल सेव्हन, शेवटच्या दोन मैलांवर, ७०० च्या आसपास फुटांवर असताना दोन्ही इंजिनांनी हवा तेवढा जोर द्यायचं बंद केलं. ते रनवेच्या ३३० मीटर अलीकडे गवतात उतरलं. १५२ जण होते, सगळे वाचले. इंधन त्या प्रवासात सगळ्यात थंड झालं तेव्हा उणे ३४ होतं आणि ते विशिष्ट इंधन उणे ५७ ला गोठणारं होतं. म्हणजे क्रू मर्यादेच्या आसपासही नव्हते, त्या इंधनाच्या गोठणबिंदूच्या तर तेवीस डिग्री अलीकडे होते. गोठलं ते इंधन नाही. प्रत्येक इंधनात असतं तसं त्यातलं थोडंसं पाणी गोठून नळ्यांच्या आतून चिकटलं, आणि शेवटी इंजिनाने जास्त इंधन मागितलं तेव्हा तो सगळा बर्फ सुटून इंजिनाजवळच्या, इंधन गरम करणाऱ्या हीट एक्स्चेंजरच्या तोंडाशी जमला. तो भाग नंतर बदलला गेला. पण त्या दिवसापर्यंत मर्यादेने या गोष्टीचा विचारच केलेला नव्हता. रेषेच्या आत असूनही.

हे वाचून मी बराच वेळ वही बंद करून बसले होते. इतकी वर्षं मला वाटत होतं की रीत शोधली म्हणजे सापडते.

गेल्या आठवड्यात रिकरंटच्या, म्हणजे पायलटच्या ठरावीक काळाने होणाऱ्या फेरपरीक्षेच्या, आदल्या दिवशी डोंबिवलीला गेले. आईने दोन्ही वह्या कपाटातून काढून ठेवल्या होत्या, पहिलीची पानं आता सुटी झालीयत, तिने दोऱ्याने शिवलीयत. गॅसवर दूध होतं. तिने चष्मा लावला, मधलं कुठलंतरी पान उघडलं आणि विचारलं, इंधन, कमीत कमी?

उणे चव्वेचाळीस, मी म्हटलं.

रीत?

मी सांगायला लागले, गोठणबिंदू, तीन डिग्री, मग बीजिंग, पाणी, नळ्या. ती उठली, गॅस बारीक केला आणि परत येऊन बसली. पाणी कुठून आलं म्हणालीस, तिथून परत सांग.